किल्ली कोणासाठी असते?

डिसेंबर उजाडला की आसपासच्या शाळांच्या स्नेहसंमेलनांच्या पत्रिका स्टाफरूममध्ये येऊन पडू लागतात. बहुतेक पत्रिकांच्या एका कोपऱ्यात एक वळणदार चिन्ह छापलेले असते. वरून खाली येणारी लफ्फेदार रेघ, मध्ये गोल वेटोळे, खाली आकडा. संगीत म्हटले की हे चित्र टाकायचे, एवढे छापखान्यातल्या डिझायनरला माहीत असते. हेच चिन्ह मुलांच्या टी-शर्टवर, चहाच्या मगवर आणि गाण्याच्या क्लासच्या पाटीवरही दिसते. गेल्या वर्षीच्या एका पत्रिकेवर ते आरशात दिसावे तसे उलटे छापले होते. पत्रिका आठवडाभर टेबलावर होती, पण कोणाच्याच ते लक्षात आले नाही. पत्रिकेत एखादी वेलांटी चुकली असती तर मी स्वतः लाल पेन काढला असता. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे चुकीचे अक्षर दिसले की डोळ्यात खुपते.

हे चिन्ह उलटे आहे हे मला कळले, कारण त्याआधी काही महिन्यांपूर्वीच मी ते वाचायला शिकलो होतो. चाळिशी उलटल्यावर ही हौस कशी सुचली, त्यामागे एका मुलाची गोष्ट आहे.

माझा एक माजी विद्यार्थी बँडवाल्यांच्या घरातला. त्याचे आजोबा, वडील, काका सगळे लग्नाच्या वरातीत वाजवणारे. शाळेत तो मागच्या बाकावर बसायचा, पण पंधरा ऑगस्टला क्लॅरिनेट हातात घेतला की सगळे मैदान शांत व्हायचे. एकदा ऐकलेले गाणे दुसऱ्यांदा ऐकायची त्याला गरज पडत नसे. पुढे डीजे आले, वरातीतले बँड कमी झाले, लग्नसराईतली कमाई निम्म्यावर आली. मग त्याने ठरवले की गणवेशातल्या बँडमध्ये भरती व्हायचे. महिन्याचा पगार, राहायला घर, म्हातारपणी पेन्शन. धावण्याचा सराव केला, छाती भरली, कागदपत्रे जमवली. वाद्य वाजवून दाखवायची वेळ आली तेव्हा तो छान वाजवून गेला. त्यानंतर परीक्षकाने त्याच्यासमोर छापील कागद ठेवला आणि म्हणाला, हे वाजव.

परत आल्यावर तो मला भेटला. मी विचारले, काय झाले? म्हणाला, "सर, कागद उलटा होता की सुलटा, तेबी मला कळलं नाय."

या वाक्याने माझी झोप उडवली. मी बीएड केलेला माणूस. हा मुलगा माझ्या वर्गात तीन वर्षे होता. त्याला मी निबंध शिकवला, पत्रलेखन शिकवले, गझल आणि नज्म यांतला फरक शिकवला. पण ज्या हुनरावर त्याचे घर चालणार होते, त्या हुनराची लिपी असते आणि ती शिकता येते, हे मी त्याला कधी सांगितले नाही. सांगणार तरी कसे, मलाच ठाऊक नव्हते.

नुसता ठिपका

आमच्या मोहल्ल्यात एक निवृत्त बँडमास्तर आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पाच आडव्या रेषा मारल्या, मधल्या रेषेवर एक काळा ठिपका काढला आणि विचारले, "बोलो मास्टर, ये कौन सा सुर है?"

मी अंदाज केला, "मध्यम?"

"गलत. ये कोई सुर नहीं है. अबी तो खाली ठिपका है."

मग त्यांनी रेषांच्या सुरुवातीला ते वळणदार चिन्ह काढले. त्याचे वेटोळे खालून दुसऱ्या रेषेभोवती फिरते. म्हणाले, हा आहे ट्रेबल क्लेफ. ज्या रेषेला हा मिठी मारतो, ती रेषा 'जी'ची. आता वर मोज. दुसऱ्या रेषेवर जी, तिच्या वरच्या फटीत ए, मधल्या रेषेवर बी. म्हणजे आता ठिपका बी झाला. 'सी'ला आपण सा मानले तर बी म्हणजे शुद्ध निषाद.

त्यानंतर त्यांनी तेच पान पुन्हा काढले, पण या वेळी सुरुवातीला कानासारखे दिसणारे चिन्ह आणि त्याच्यापुढे दोन बिंदू. हा बेस क्लेफ. दोन बिंदू ज्या रेषेच्या वर-खाली बसतात, ती खालून चौथी रेषा 'एफ'ची. आता तोच ठिपका डी झाला, म्हणजे रिषभ. तिसरे चिन्ह 'सी'चे. दोन कमानी जिथे मिळतात ती रेषा मधल्या 'सी'ची. हे चिन्ह मधल्या रेषेवर बसवले तर त्याला ऑल्टो म्हणतात आणि ठिपका सा होतो. चौथ्या रेषेवर सरकवले तर ते टेनर, आणि ठिपका धैवत होतो.

ठिपका तसूभरही हलला नव्हता, रेषाही त्याच होत्या. तरी चार चिन्हांनी चार सूर झाले. ट्रेबलमधली मधली रेषा सेकंदाला सुमारे 494 कंपनांचा सूर दाखवते, बेसमधली सुमारे 147 कंपनांचा. हा फरक जाड पुरुषी आवाज आणि कोवळा आवाज यांच्यातला आहे. म्हणजे क्लेफ हे शोभेचे चित्र नाही. पुढचे सगळे पान कसे वाचायचे याचा तो करार आहे, म्हणूनच तो प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा लिहितात. ओळी नसलेला क्लेफ, जसा तो पत्रिकांवर तरंगत असतो, तो कुलूप नसलेल्या किल्लीसारखा.

किल्ली हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. क्लेफ या फ्रेंच शब्दाचा अर्थच किल्ली. अरबीत या चिन्हाला मिफ्ताह म्हणतात, त्याचाही अर्थ किल्ली. उर्दूत आपण कुंजी म्हणू.

इतके वेगवेगळे क्लेफ कशाला, एक पुरला नसता का? हा प्रश्न मी चाचांना विचारला. उत्तर साधे आहे. पाच रेषा आणि चार फटींत फार तर नऊ-दहा सूर मावतात. व्हायोलिनचे सूर उंच, व्हायोलाचे मधले, चेलो आणि ट्युबाचे खोल. प्रत्येक वाद्याची वस्ती या पाच रेषांत बसावी, वर-खाली जादा रेषांच्या शिड्या लावाव्या लागू नयेत, म्हणून किल्ली बदलतात. पियानोवाला दोन्ही किल्ल्या एकदम वाचतो, सहसा उजवा हात ट्रेबल आणि डावा हात बेस. मधला 'सी' ट्रेबलच्या एक जादा रेघ खाली आणि बेसच्या एक जादा रेघ वर, म्हणजे दोन घरांच्या मधल्या उंबरठ्यावर. ढोल-ताशासारख्या वाद्यांना सुरांची उंची दाखवायची नसते, त्यांच्यासाठी दोन उभ्या जाड रेघांचे चिन्ह असते. त्याचा अर्थ, इथे उंची शोधू नका, फक्त ठेका वाचा.

लाल रेघ आणि लाल नुक्ते

ही युक्ती आली कुठून? सुमारे हजार वर्षांपूर्वी इटलीत अरेझो गावी ग्वीदो नावाचा ख्रिस्ती साधू गायक मुलांना भजने शिकवत असे. त्या काळी शब्दांच्या वर वळणे काढत. सूर वर जातो की खाली येतो एवढे त्यातून कळे, पण किती वर आणि किती खाली ते कळत नसे. म्हणजे ज्याला चाल आधीच पाठ आहे त्यालाच ते लिखाण उपयोगी. नव्या मुलाला ते मुके. ग्वीदोने रेषा वापरल्या, त्यांतली 'एफ'ची रेषा लाल आणि 'सी'ची पिवळी केली, आणि रेषेच्या तोंडाशी अक्षर लिहिले. 1026च्या सुमाराचा त्याचा 'मायक्रोलॉगस' हा ग्रंथ युरोपभर नकलला गेला. रेषेच्या तोंडाशी लिहिलेली तीच अक्षरे शतकानुशतके लेखण्यांखाली वळत-वाकत आजची चिन्हे बनली. ट्रेबल क्लेफ म्हणजे नटलेला जी, बेस क्लेफ म्हणजे एफ, आणि तिसरा सी.

हे वाचताना मला आपली गोष्ट आठवली. सुरुवातीच्या अरबी लिखाणात बे, ते, से या अक्षरांचा सांगाडा एकच असे, नुक्ते बहुधा नसत, आणि जेर-जबर-पेश तर नव्हतेच. अरबांना अडचण नव्हती, भाषा त्यांची होती. पण इस्लाम अरबस्तानाबाहेर गेला, इराकी आणि इराणी माणसे कुराण वाचू लागली आणि चुका होऊ लागल्या. परंपरा सांगते की हिजरीच्या पहिल्या शतकात अबुल अस्वद दुअली यांनी स्वर दाखवण्यासाठी वेगळ्या रंगाचे, लाल नुक्ते दिले. पुढे आठव्या शतकात खलील बिन अहमद यांनी त्याजागी आज आपण ओळखतो ती चिन्हे आणली. तिकडे लाल रेघ, इकडे लाल नुक्ता. दोघांची काळजी एकच होती, ज्याने आधी ऐकले नाही त्यालाही बरोबर वाचता यावे.

उर्दू शिकवताना ही अडचण मी रोज पाहतो. अलिफ आणि सीन जोडून लिहिले की ते 'इस' आहे की 'उस'? सरावलेला वाचक संदर्भावरून ओळखतो. पाचवीतले मूल अडखळते. मी अलिफखाली जेर देतो आणि त्याचा चेहरा उजळतो. मुडिया लिपीतल्या मारवाडी पत्राचा विनोद तर सगळ्यांना ठाऊक आहे. मात्रा न लिहिल्यामुळे काकाजी अजमेरला गेल्याची खबर घरच्यांनी 'आज मर गये' अशी वाचली आणि रडारड सुरू झाली.

आपल्याकडे किल्ली का नाही?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या सरगम लिपीत क्लेफ नाही म्हणून ती मागासलेली, असे मुळीच नाही. आपल्याकडे सा ठरलेल्या उंचीवर बसवलेला नसतो. गायक पेटीवाल्याला सांगतो, काळी एक किंवा पांढरी चार, आणि ती त्या मैफलीची पट्टी होते. एकदा सा धरला की बाकीचे सूर त्याच्या नात्याने आपोआप जागेवर बसतात. भातखंडे पद्धतीत तर मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली आणि तार सप्तकासाठी अक्षरावर बिंदू देतात. उर्दू शिकलेल्या माणसाला हे नुक्ते लगेच समजतात. ही लिपी अक्षरांतच सुराचे नाव सांगते, त्यामुळे रेषेला नाव द्यायचा प्रश्न येत नाही. पट्टी आणि क्लेफ यांची गल्लतही करू नये. पट्टी सांगते सा कुठे धरायचा, क्लेफ सांगतो कागदावरची कोणती रेषा कोणत्या सुराची.

आणि लिहिण्याचे वावडे आपल्या उस्तादांना होते, हेही खरे नाही. मौलाबक्ष (1833–1896) यांनी बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1886 मध्ये गायनशाळा सुरू केली, स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि त्यात पुस्तके छापली. विष्णु दिगंबर पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय लाहोरला निघाले ते 1901 साली. म्हणजे त्याच्या पंधरा वर्षे आधी एक मुसलमान उस्ताद गाणे कागदावर आणून शाळेतल्या मुलांना शिकवत होता. सुफी विचार युरोप-अमेरिकेत नेणारे हजरत इनायत खान हे त्यांचेच नातू. आपल्या मोहल्ल्यातल्या किती घरांत मौलाबक्ष हे नाव माहीत आहे?

तीन आक्षेप

मी ही गोष्ट लोकांना सांगू लागलो तेव्हा तीन आक्षेप ऐकायला मिळाले.

पहिला आक्षेप मजहबी. संगीतच वर्ज्य, तर त्याची लिपी कशाला? उलेमांमध्ये याविषयी जुने मतभेद आहेत आणि ते सोडवण्याची माझी पात्रता नाही. ज्याला वाद्यापासून दूर राहायचे आहे त्याने राहावे, त्याचा मी आदर करतो. पण मिरजेत पिढ्यानपिढ्या सतार आणि तंबोरा बनवणारी घरे, शहनाई-चौघड्याची घरे आणि गावोगावचे बँडवाले, यांत आपली माणसे मोठ्या संख्येने आहेत, हे वास्तव आहे. त्यांच्याकडून आपण आपल्या लग्नात वाजवून घेतो आणि त्यांच्या मुलांना शिकवायची वेळ आली की फतवा आठवतो. हे मला पटत नाही. कसब त्यांच्या हातात आहेच. प्रश्न एवढाच, त्यातून मिळणारी रोजी वरातीच्या बिदागीवरच थांबावी की पुढे जावी?

दुसरा आक्षेप खुद्द वाजवणाऱ्यांचा. आमचे इल्म सीना-ब-सीना चालते, कागदाने कान मरतो. या म्हणण्यात तथ्य आहे. ठुमरीतली एखादी मुरकी किंवा मींड कोणत्याही कागदावर पूर्ण उतरत नाही, ती गुरूसमोर बसूनच घ्यावी लागते. पण कान आणि कागद एकमेकांचे वैरी आहेत हे मला मान्य नाही. कुराण लाखो हाफिजांनी छातीत जपले, तरी ते लिहिलेही गेले आणि त्यावर जेर-जबरही चढले. हाफिजला त्या चिन्हांची गरज नव्हती. गरज होती ती नव्याने आलेल्याला, अजमी माणसाला. महाराष्ट्रातल्या खेड्यात बसून आपले मूल मदरशात कुराण वाचते ते त्या चिन्हांच्या आधारानेच. ज्यांनी ती दिली त्यांनी आपल्यासारख्या परक्यांसाठी दार उघडले. ज्या मुलाच्या हातातून भरती गेली तोही असाच परका होता. सूर त्याच्या रक्तात होता, पण दाराबाहेर तो उभा राहिला तो एका किल्लीमुळे.

तिसरा आक्षेप, हे इंग्रजांचे, आपले नाही. मग गोव्याकडे पाहावे. तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सूर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवले जाई. त्या मुलांनी पुढे मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत जागा मिळवल्या. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड ही त्यांतली मोठी नावे. चाल संगीतकाराची असे, पण वाजवणाऱ्यांच्या समोर ठेवायची पाने लिहिणारे हात बहुतेकदा गोव्याचे असत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल हे अँथनी गोन्सालविस यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि 1977च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या एका पात्राला गुरूचे नाव मिळाले. गोव्याच्या गरीब घरातल्या मुलाला मुंबईत रोजी मिळाली, कारण गावच्या शाळेत कोणीतरी त्याला पाच रेषा शिकवल्या होत्या. दुसरे उदाहरण आपल्या घरचे. बीटिंग रिट्रीटच्या सोहळ्यात लष्करी बँड इक्बाल यांच्या 'तराना-ए-हिंदी'ची धून वाजवतात. शायर उर्दूचा, तराना 1904चा, आणि वाजवणारे जवान पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेले. ती लिपी लष्कर पचमढीच्या आपल्या संगीत विभागात शिकवते. मग ती परकी कशी राहिली?

करायचे काय?

मी फार मोठी मागणी करत नाही. शाळेत संगीत शिक्षकाची पूर्णवेळ जागा मिळावी ही इच्छा आहे, पण तिची वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी मैदानाबाहेर राहील. पाच रेषा, दोन किल्ल्या आणि ठोक्यांची चिन्हे यांची तोंडओळख होण्यासाठी आठवड्याला दोन तास याप्रमाणे एक सत्र पुरेसे आहे, हे मी अनुभवाने सांगतो. चाचांकडे माझ्यासारखा सुरांचा गंध नसलेला माणूस दोन महिन्यांत ट्रेबलमधले सोपे ओळींचे पान वाचू लागला. ज्याच्या बोटांत वाद्य आधीच आहे त्याला याहून कमी वेळ लागेल. त्याला नवे सूर शिकायचे नाहीत, माहीत असलेल्या सुरांची कागदावरची जागा तेवढी ओळखायची आहे.

बँडवाल्यांनाही एक सांगायचे आहे. क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटसाठी ट्रेबल क्लेफ आधी शिकवा आणि त्याचबरोबर हेही सांगा की ही वाद्ये बहुधा बी-फ्लॅटची असतात. कागदावर सी लिहिलेला असतो, पण बाहेर बी-फ्लॅट वाजतो. हे कळले नाही तर मुलगा पेटीशी ताडून पाहतो, जुळत नाही, आणि आपणच चुकतो आहोत असे समजून कागद सोडून देतो. जाड आवाजाच्या वाद्यांकडे वळणाऱ्याने बेस क्लेफही शिकून ठेवावा. पावसाळ्यात लग्ने नसतात आणि बँडची वाद्ये भिंतीला टांगलेली असतात. ते चार महिने या कामाला लावता येतील. मोहल्ल्यात एक खोली, एक फळा आणि चाचांसारखा एक माणूस मिळाला तरी पुरे.

शिक्षक बंधू-भगिनींना तर मी हक्काने सांगेन. आपल्या वर्गात कोणाच्या घरी काय कसब आहे याची एकदा यादी करा. सुतार, बँडवाले, सतारमेकर, जरीवाले, दर्जी. प्रत्येक कसबाची स्वतःची एक लिपी असते, माप असते, नकाशा असतो. मुलाला कसब घरी मिळते, पण लिपी बहुधा मिळत नाही, आणि नोकरीच्या दारात नेमकी तीच विचारली जाते. ती देणे हे शाळेचे काम आहे. मी ते तीन वर्षे केले नाही, याची खंत मला आहे.

तो मुलगा आता दर शुक्रवारी जुम्यानंतर चाचांकडे येतो. मीही कधी कधी जातो. पुढची भरती कधी निघेल ते ठाऊक नाही, आणि निघाली तरी तो लागेलच असे मी म्हणणार नाही. गेल्या आठवड्यात चाचांनी त्याला एक नवे पान दिले आणि मुद्दाम उलटे धरले. त्याने ते त्यांच्या हातातून घेतले, सुलटे केले, पहिल्या ओळीच्या तोंडाशी बोट ठेवले आणि म्हणाला, "चाचा, किल्ली इधर है."